पत्र आणणाऱ्याला

तुम्हाला ठाऊक होतं, मास्तर, असं मी स्वतःलाच बजावतो. त्या पत्रात काय आहे ते ठाऊक असूनही तुम्ही शाई वाळेपर्यंत शांत बसून राहिलात.

कैद्यांच्या वसाहतीत, डरवेंट नदीकाठच्या त्या शेतावर मी पत्रं लिहायच्या कामाला होतो. मालक एब्नर थ्रॉसेल. मेंढी चोरली म्हणून वीस वर्षांपूर्वी बेड्यांत समुद्रापार आलेला, शिक्षा भोगून सुटलेला, आता सहाशे एकरांचा धनी. त्याला वाचता येत नसे. खुर्चीला तो पाठ कधी टेकवत नसे.

मार्चमध्ये त्याच्याकडे राबणाऱ्या फेलिम नावाच्या कैद्याच्या हातून नांगर मोडला. थ्रॉसेल म्हणाला, "मॅजिस्ट्रेटला लिही मास्तर. पत्र आणणाऱ्याला पन्नास फटके."

डब्लिनच्या कॉलेजात गुलामगिरीविरुद्ध भाषणं ठोकणारा मी. वळणदार अक्षरात लिहिलं.

पत्र फेलिमच्याच हाती दिलं. फाटकापाशी त्याने लाखेचा शिक्का उन्हात धरला.

"आमच्या लग्नाचा परवाना मागितलाय ना धन्यांनी? स्वैपाकघरात ब्रायडीला सांगा मास्तर, मनुक्यांचा केक भाजायला घे म्हणावं. आणि कंजूषपणा नको!"

"असेल," मी म्हणालो.

तो शीळ घालत गेला. नऊ मैल. परतताना ओढ्यापाशी पडला, तो उठलाच नाही.

आठवड्याने न्याहारीच्या टेबलावर एक पत्र होतं. शिक्का अखंड. ओल्या लोकरीचा वास.

"वाच," थ्रॉसेल म्हणाला.

"पत्र आणणाऱ्याला..."

अक्षर माझं. पण हे मी लिहिलेलं नव्हतं. चुलीत टाकलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्याही. नवव्या सकाळी पत्राबरोबर फाटकाकडून शीळ ऐकू आली... ब्रायडी खिडकीशी धावली.

"जाळू?" मी पुटपुटलो.

"नको. ते पोचायचंय." थ्रॉसेलने कोट चढवला. "मीही एकदा असंच नेलं होतं रे, माझ्या मालकाचं. वाटेत शीळसुद्धा घातली होती. आणि तरी मी फेलिमला... आज निदान माहीत असून नेतो."

पहिलं पत्र तर मीच लिहिलं होतं. 'मी नेतो' म्हणायला माझी जीभ वळली नाही. खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो.

दुपारी तो ताठ चालत परतला.

"कोरा कागद निघाला. मॅजिस्ट्रेट हसला मला. अक्षरं वाटेत कुठं गेली, देव जाणे." तो बसला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने खुर्चीला पाठ टेकवली.

मी सुटकेचा श्वास सोडला. दार लावायला वळलो.

मागे ब्रायडी चहा ठेवत होती. तिचा हात थांबला.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुमच्या सदऱ्याला मागून हे रक्त कसलं?"