बर्फात नको, बिनणी

वैशाखातली दुपार होती. नवीन जालन्यातल्या त्या घरात जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, आणि राजकुमारीनं दादीसांची गोळी आणि पाण्याचा पेला उचलला. रोजचंच काम. सासूबाई कूलरसमोर आडव्या झाल्या होत्या, नवरा नवलकिशोर बियाण्यांच्या दुकानावर होता. आता चहापर्यंत तिला कुणी हाक मारणार नव्हतं. हाक न येणं ही केवढी चैन आहे, हे भरल्या घरातल्या सुनेलाच विचारावं.

दादीसा म्हणजे नवलकिशोरची आजी, प्रेमबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या मागच्या खोलीत पलंगाला खिळलेल्या. मोतीबिंदूनं नजरही धूसर झालेली. त्याच खोलीत भिंतीला लावून कॉम्प्युटर होता. धाकटा दीर पुण्याला शिकायला गेला तेव्हा ठेवून गेलेला, आणि सोबत त्याच्या खेळांच्या सीड्या. ‘दादीसांजवळ बसते,’ म्हटलं की राजकुमारीला कुणी अडवत नसे. बसायची ती कॉम्प्युटरपुढं.

तिशी ओलांडलेली बाई आणि तलवारी-राक्षसांचे खेळ खेळते, म्हणून हसायचं असेल तर हसा. पण ती लढतच नसे. त्या खेळांत एक अख्खा मुलूख पसरलेला असायचा. राजा म्हणायचा हरवलेला मुकुट शोधून आण, म्हातारा पुजारी म्हणायचा त्या राक्षसाला मार. ही सगळ्यांचं ऐकून घ्यायची, वेशीबाहेर पडायची आणि नुसती चालायची. डोक्यावर पदर नाही, ‘कुठं निघाली?’ म्हणून विचारणारं कुणी नाही. घरात भाजी कोणती करायची ते सासूबाई ठरवत, साडी कोणती नेसायची ते नणंदा, माहेरी कधी जायचं ते नवरा. पुढचा खेळ कोणता लावायचा, एवढं एकच तिच्या हातात होतं. म्हणून ते ठरवायला ती भरपूर वेळ घेई.

त्या दुपारी ती असाच वेळ घेत बसली होती. बर्फाच्या डोंगरांचा खेळ पालथा घालून झाला होता. उरल्या होत्या दोन सीड्या, एक वाळवंटाची आणि एक हिरव्या दरीची. तिनं मान वळवून गमतीनं विचारलं, “दादीसा, आता कुठं जायचं?”

पलंगावरून बारीक आवाज आला. “कुठं बी ने... पण बर्फात नको, बिनणी. पाय गारठून गेले माझे.”

नातसुनेला त्या बिनणी म्हणत. चार पिढ्या जालन्यात काढल्यामुळं या घरातलं मारवाडी आता निम्मं मराठीच झालं होतं. राजकुमारी हसली. म्हातारी पडल्यापडल्या सगळं ऐकते, खेळातल्या पावलांचा बर्फावरचा कर्रकर्र आवाजही ऐकते, असं तिला वाटलं. नवा खेळ चढवायला वेळ लागतो आणि अंगात तर उठून सीडी बदलायचंही त्राण नव्हतं. तिनं पुन्हा बर्फाचाच लावला.

संध्याकाळी दिवाबत्ती झाली की सुनेनं वडीलधाऱ्या बायकांचे पाय दाबायचे, ही या घरची रीत. दादीसांचे तळवे राजकुमारीच्या हातांना पाठ होते. न चालून मऊ पडलेले, लोण्यासारखे. अलीकडे ते गार लागत होते. वय झालं, म्हणून तिनं मनावर घेतलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र तिनं हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. भिंती अजून तापलेल्या, पंखा गरम वारा फेकत होता, आणि दादीसांची बोटं निळी पडली होती. नखांच्या कडांना पांढरं काहीतरी होतं. ते तिच्या अंगठ्याखाली वितळलं.

“सांगितलं व्हतं ना,” दादीसा पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळवंटाचा खेळ चढवला. तिला काही तपासून पाहायचं नव्हतं; उलट, मनातलं खोटं ठरावं एवढीच तिची इच्छा होती. तासभर ती वाळूच्या टेकड्यांवरून फिरली. मागून दादीसांचा श्वास जोरात चालल्याचं ऐकू येत होतं, जिना चढणाऱ्या माणसाचा असतो तसा. संध्याकाळी पाय धरले तर बोटांच्या बेचक्यांत लालसर वाळू, आणि टाचेत काटा. बाभळीचा काटा तिनं पाहिला होता, बोरीचा पाहिला होता. हा काळा होता, बोटभर लांब आणि टोकाशी वळलेला. पिनेनं काढताना दादीसांनी हूं की चूं केलं नाही.

“दुखत न्हाई का, दादीसा?”

“दुखतंय की. लई दिवसांनी दुखलं बाई... चालल्याचं दुखणं.”

राजकुमारीनं काटा न्हाणीत टाकला, वर बादलीभर पाणी ओतलं आणि कॉम्प्युटरवर चादर झाकली. कुणाला सांगणार? सासूबाईंनी आधी दुपारभर काय करतेस ते विचारलं असतं. नवलकिशोर जेवता जेवता मान हलवून झोपी गेला असता. ती नुसती बसून राहू लागली. दुपार लांब झाली, आणि इतके दिवस कुठं दडून बसलेला थकवा तिच्या अंगावर आला. पाठ भरून यायची, मान दुखायची. बसल्या जागी तिच्या डोळ्यांतून पाणी येई आणि का ते तिलाही कळत नसे.

शेवटी दादीसाच बोलल्या. “बंद करून बसली व्हय ग?”

“तुमच्या पायांचं भ्या वाटतं मला.”

“अगं, चौदाव्या वर्षी या घरात आल्ते मी. मोती तलाव एकदा पाह्यला, तो बी टांग्याच्या पडद्यातून. आता कुठं पाय मोकळे झाले... आता तरी चालू दे.” म्हातारीनं हात पुढं केला. “तू थकली, मी बी थकले. थकलेल्या बाईनं कुठं जावं, ते बघ तू. बराबर ठरीव.”

तर मग राजकुमारीनं ठरवलं. जन्मात एवढा विचार करून तिनं काही ठरवलं नसेल. हिरव्या दरीची सीडी घेतली. आधी दादीसा झोपलेल्या असताना आवाज बंद करून, हळूहळू, थोडं थोडं फिरून आली. कुठं खडी आहे, कुठं लांडगे येतात, कुठली पायवाट सपाट आहे, सगळं पाहून ठेवलं. वेशीपासून निघायचं, ओढ्याच्या काठानं पाणचक्कीपर्यंत जायचं, पुलावर थोडं थांबायचं आणि परत फिरायचं. मऊ गवत. काटा नाही, चढ नाही.

ते दिवस चांगले गेले, हे सांगायलाच हवं. संध्याकाळी दादीसांच्या तळव्यांना गवताचा हिरवा रंग लागलेला असे, आणि खोलीतला बामचा जुनाट वास जाऊन ओल्या मातीचा वास येई. दोघी बायका एकमेकींकडं बघून हसत. राजकुमारीची मान दुखायची थांबली. दादीसा पोळी अर्धी जास्त खाऊ लागल्या.

मग एका दुपारी, पाणचक्कीजवळ, दादीसा म्हणाल्या, “ती कोण बसून राह्यली?”

पडद्यावर चक्कीचं चाक फिरत होतं. कुणी नव्हतं. “कुठं?”

“चक्कीच्या मागं. पाठ करून बसली... रोजच असती. तुला दिसत न्हाई?”

“न्हाई, दादीसा.”

“मंग ऱ्हाऊ दे. चल पुढं.”

राजकुमारीनं त्या दिवशी पुलावर न थांबता परत फिरायचं ठरवलं. वळलीही होती. तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची ती वेळ नव्हती. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली; एकदा टीं वाजलं आणि पडदा काळा झाला. कूलर थांबला, पंखा थांबला. घरात इतकं शांत झालं की रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज लांबून येऊन लांब जाईपर्यंत ऐकू आला.

“दादीसा... आलात ना?”

दादीसांचे डोळे उघडे होते. छाती वरखाली होत होती. पण दादीसा स्वतः त्या खोलीत नव्हत्या.

डॉक्टर येऊन गेले. वय झालं म्हणाले, वाट बघा म्हणाले. सासूबाईंनी गंगाजळाची कुपी काढून ठेवली, नातेवाइकांना फोन झाले. राजकुमारीनं फक्त एवढंच मागितलं की दादीसांजवळ मलाच बसू द्या. चांगली सून आहे, असं सगळे म्हणाले. लाईट येताच तिनं खेळ लावला. खेळ आदल्या दिवशी जिथं साठवला होता तिथूनच सुरू झाला, वेशीपासून. ती ओढ्याच्या काठानं धावत गेली, चक्कीमागं गेली, पूल ओलांडून कधी न गेलेल्या रानात शिरली. तिथं दादीसा दिसणार नव्हत्या. त्या तिला पडद्यावर कधीच दिसल्या नव्हत्या. पण दुसरं काय करणार?

संध्याकाळी पाय हातात घेतले की बातमी कळे. एका संध्याकाळी ते चिखलानं भरलेले. एका संध्याकाळी घोट्यावर खरचटलेलं. मग टाचा फाटलेल्या, रक्ताळलेल्या. कॉम्प्युटर बंद असो की चालू, म्हातारी रानात वणवण फिरत होती. राजकुमारी पाय धुवी, हळद लावी, चादरीखाली झाकून ठेवी आणि भिंतीला टेकून रडे. मी ठरवलं, माझ्यामुळं गेल्या, असं तिचं मन तिला खात होतं. शेवटी चालायचंही सोडून तिनं खेळ तसाच वेशीपाशी उभा करून ठेवायला सुरुवात केली. वेशीवर मशाल जळत असे. दादीसांना ती दिसली तर दिसली.

आणि एका दुपारी मागून खोकल्याचा आवाज आला.

“बिनणी... पाणी दे.”

राजकुमारीनं मान उचलून धरली, पेला ओठांना लावला. दादीसा घटाघट प्याल्या. “अजून एक आण.” दुसरा पेला त्यांनी तोंडाला लावला नाही. “ठिव तिथं. भिंतीकडं.”

घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी लापशी केली, नवलकिशोर दुकान सोडून आला. सगळे पांगल्यावर राजकुमारीनं पलंगाशी बसून विचारलं, “कशा आलात, दादीसा?”

“वाट गावत न्हवती. मंग तिनंच आणलं. बसून व्हती ना ती...”

“कशी हाय ती?”

“तोंड न्हाई दाखवलं तिनं. पुढं पुढं चालली, मी मागं. लई थकलेली हाय बिचारी. म्हणली, घरी कोण कोण हाय? मी म्हटलं, सगळे हायत. अन् माझी बिनणी हाय, रोज न चुकता पाय दाबती...”

राजकुमारीनं मान वळवली. तिनं भिंतीकडं ठेवलेल्या पेल्याकडं पाहिलं. तो रिकामा होता.

तिनं त्याच दुपारी सीड्या मोडल्या, तिन्ही. कॉम्प्युटर हिशेबाला होईल म्हणून दुकानावर पाठवून दिला. नवलकिशोर खूश झाला. आता पुढचा खेळ कुठलाच नाही, असं तिनं ठरवलं. ते ठरवताना तिला फार वाईट वाटलं. आपली दुपार आपण आपल्या हातानं गाडून टाकली, असं वाटलं. पण दादीसा परत आल्या होत्या. तेवढं पुरे होतं.

संध्याकाळी लाईट गेली, ती रोजच्या वेळेला. सासूबाई देवघरात समई लावत होत्या. राजकुमारी मागच्या खोलीत आली, चपला दाराशी काढल्या, पलंगाच्या कडेला बसली, पाय खाली फरशीवर टेकवले. दादीसा झोपल्या होत्या. बारीक घोरणं ऐकू येत होतं. मेणबत्ती आणायलाही उठवेना, एवढी ती दमली होती. अंधारात तिनं चादरीखाली हात घातला. उजवा पाय दाबला. टाचेच्या भेगा भरत आल्या होत्या. डावा दाबला. मग हात मागं घेताना, भिंतीच्या बाजूला, तो आणखी एका पायावर पडला.

थंड होता. ओला होता. बोटं लांब होती आणि तळवा दगडासारखा टणक. जन्मभर चाललेल्या माणसाचा.

राजकुमारी ओरडली नाही. ओरडली असती तर घरातले धावत आले असते, आणि सगळ्यांना सगळं सांगावं लागलं असतं. तिच्या हातांनी आपोआप तो पाय धरला आणि दाबायला सुरुवात केली.

“हां...” भिंतीकडून कुणीतरी समाधानानं म्हणालं. दादीसांचं घोरणं तसंच संथ चालू होतं. “किती वर्षांनी... चांगली हायस तू.”

“कोण... कोण हाय?”

दुसरा पाय पुढं सरकला आणि तिच्या मांडीवर येऊन टेकला. मग तोच आवाज, अगदी जवळून, मायेनं म्हणाला, “उद्या कुठं जायचं, ते तू नको ठरवू आता. थकली तू... मी ठरवीन.”

राजकुमारी पाय दाबत राहिली. बाहेर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, देवघरात घंटा वाजली. आणि खाली, कोरड्या फरशीवर टेकलेल्या तिच्या अनवाणी तळव्यांना, हळूहळू ओलं गवत लागायला लागलं.