दाजींच्या खिशातल्या लाल फिती

डोंगरापलीकडच्या जंगलात हद्दीचा एक जुना दगड होता. तो शोधून नकाशावर घ्यायचा, एवढंच काम! माणसं तीन. मोजणीवाले काका, त्यांचा टेप धरणारे माझे दाजी आणि शाळा सोडून घरात पाय आपटत फिरणारा मी. "ओझी तरी वाहील," म्हणत ताईनं मला यांच्या गळ्यात मारलं.

वाट वळली की काका झाडाला लाल फीत बांधायचे. परत यायला तेवढीच खूण. काका पुढे, मी मधे, दाजी शेवटी. दोन दिवस चाललो. झाडं एवढी दाट की आपलाच आवाज परक्यासारखा यायचा. दगड काही सापडला नाही. तिसऱ्या सकाळी पीठ संपलं.

"गेला तो दगड खड्ड्यात," काका म्हणाले. "मागं फिरा."

फिरलो. पहिल्या वळणावर फीत नाही! दुसऱ्यावरही नाही!

"माकडांनी पळवल्या की काय?" काका म्हणाले.

दाजींचे खिसे फुगलेले होते. मी हात घातला. मूठभर लाल फिती!

"अरे, गावात मोजणी झाली की मागच्यानं खुणा गोळा करायच्या असतात," दाजी पुटपुटले. "वीस वर्षं तेच करतोय. हात आपोआप चालला रे."

अंदाजानं निघालो. दुपारी बघतो तर समोर आमच्याच चुलीची राख! दाजी कसनुसं हसले.

माझं डोकं सटकलं. दगड उचलला. हाणला! दाजी खाली. कपाळातून रक्त. मी परत हात उगारला. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटत होतं.

काकांनी मनगट आवळलं. "जनावर पोटासाठी मारतं रे! तू कशासाठी?"

दाजी दोन्ही हातांनी डोकं झाकून माझ्याकडे बघत होते. लहानपणी मला खांद्यावर बसवून फिरवणारा माणूस. मला घाबरलेला!

रक्त पुसायला पानं तोडायला गेलो, तर एका झाडाची साल नखाएवढी घासलेली दिसली. दाजींनी फीत ओढून काढली होती तिथंच! पुढच्या वळणावर तसाच ओरखडा!

"सापडली वाट!"

दाजींना आधार द्यायला हात पुढे केला. ते काकांच्या पलीकडे सरकले. मग मी एकटाच पुढे. ओरखडा शोधायचा, "इथं!" ओरडायचं, थांबायचं. ते जवळ आले की परत पुढे. उपाशीपोटी दीड दिवस असाच. मागं दोघं हळू बोलायचे. मी वळलो की गप्प.

शेवटी रस्ता लागला. डांबराचा!

ताईनं दार उघडलं. "अगं बाई! कपाळाला काय झालं?"

"फांदी लागली," दाजी म्हणाले. "याचे डोळे तेज, म्हणून घरी पोचलो बघ."

ताईनं कौतुकानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी झटकन डोकं बाजूला घेतलं.