राणीच्या माडीवरचा पाळणा

मी अकोल्याचा वकील. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही, म्हणून जसं झालं तसंच सांगतो.

अठ्ठावन्न सालचा फाल्गुन. माझ्या बायकोला, विमलला, सातवा लागला होता. आधीची दोन पोटातच गेली होती. यावेळी ती नुसती शिंकली तरी मला धस्स व्हायचं. आणि बाईसाहेबांना डोहाळे काय, तर परतवाड्यापुढचा एका जुन्या राजाचा सागवानी महाल पाहायचा! नुकतंच त्याचं म्युझियम झालं होतं.

"एवढे धक्के खात?" मी तडकलो.

"डोहाळा मोडू नये म्हनतात," ती म्हणाली. झालं! मित्राची मोटार मागून आणली.

महाल सगळा लाकडाचा. भिंती, जिने, छतसुद्धा. खिडक्यांतून मोहाच्या फुलांचा गोड वास येत होता. आम्ही थांबलो तरी फळ्या थोडा वेळ करकरत राहायच्या. राखणदार नत्थुजी पेंगत मागं चालला होता. मलाही गुंगी येत होती.

माडीवर राणीचा पाळणा टांगला होता. विमलनं सहज दोरी ओढली.

"काय करून राहिली! रिकामा पाळणा हलवू नये, तुले माहीत नाही?" मी ओरडलो. कधी मांजर आडवं गेलं तरी न थांबणारा मी!

तिनं घाबरून दोरी सोडली. पाळणा थांबला. तिचा हात पोटावर गेला.

"अहो, हे हालत नाही."

नत्थुजीनं आणि मी तिला खाली आणून अंगणातल्या बाकावर बसवलं, पाणी पाजलं. बराच वेळ गेला. पोट गप्पच. ती रडायला लागली. मला ते पाहवेना. मी पुन्हा माडीवर कसा आलो, खरंच सांगता येत नाही.

दोरी हातात घेतली. ओढली.

"अहो, हाललं!" खिडकीखालून विमल ओरडली.

पुन्हा ओढली.

"हाललं!"

मी हसत होतो, रडत होतो, ओढत होतो. दोरी जड लागत होती. पाळण्यात डोकावायची हिंमत झाली नाही.

मग खालून आवाज येईना.

मी ओढली. काही नाही. जोरात ओढली.

"विमल?"

नत्थुजी दारात उभा होता. जवळ येऊन त्यानं पाळण्यात पाहिलं. माझा हात धरला.

"हळू, साहेब," तो कुजबुजला. "आत्ताच झोपली पोर."