ताकाचा माठ

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे... आणि अजून संपलेली नाही.

मी ममता, नंदुरबारची. भुताखेतांच्या गप्पा हाणणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. आता नाही हसत.

गेल्या माघात आम्ही सासऱ्यांच्या जुन्या मिरचीच्या गोदामात कलाकेंद्र उघडलं. चित्रं, नाच, नाटक, आवाजाचे प्रयोग, सगळं एकाच छपराखाली. बडोद्याहून, पुण्याहून कलाकार आले. पोर्तुगालहून आवाज टिपणारी क्लारा आली.

आणि तोरणमाळच्या डोंगरातून रविना.

गावाने नावं ठेवली. मिरचीवाल्यांना भलतंच खूळ लागलं म्हणे! म्हणोत बापडे.

गोदाम कितीतरी वर्षं बंद होतं. मी कंबर कसून ते धुऊन घेतलं, चुना मारला, अडगळ फेकली. दाराशी एक आंबूस वासाचा माठ होता, तोही फेकला.

मोठी भिंत रविनाला दिली. पोरीचं हे पहिलंच एवढं मोठं काम. चित्र काढताना तिच्या डोळ्यांत जे काही येतं ना, ते बघत राहावं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दिवेलागण झाली होती. क्लारा दाराबाहेर बसून आतली शांतता रेकॉर्ड करत होती. एकदम तिने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला.

टक... टक... टक...

मिरचीचा देठ खुडल्याचा आवाज. मी याच घरात नांदले, मला तो कळणार नाही?

मग कोणीतरी खोकलं.

आत फक्त रविना होती. पाठमोरी, हातात ब्रश. ती खोकली नव्हती.

मी हाक मारली. ती वळली...

डाव्या गालावर लालभडक वळ. चार बोटांचे. पार डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत.

डॉक्टर म्हणाले, मिरचीची आग आहे, जरा वर लागली असती तर डोळा गेला असता. अहो, पण मिरची येणार कुठून? गोदामात एक बीसुद्धा उरलं नव्हतं.

घरी सासूबाईंना, म्हणजे प्रमिलाबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. मग विचारलं, "ताकना माठ फेकी दिधा का तू?"

तेव्हा कळलं. देठ खुडून बायांच्या हातांची आग आग व्हायची. दाराशी ताकाचा माठ असे. त्यात हात धुतल्याशिवाय कोणी आपल्या लेकराला शिवत नसे. एका वर्षी डोंगरातून भुरीबाई नावाची बाई कामाला आली होती. तान्ही पोर बाहेर चिंचेखाली झोळीत. संध्याकाळी पोर रडली, भुरीबाई उठली, आणि माठापर्यंत पोचायच्या आत खोकत खोकत पडली. ती गेलीच.

"तिना हात धोवाना ऱ्हाई गयात," सासूबाई म्हणाल्या.

त्या पोरीचं नाव काय, हे मी विचारलं नाही. रविनाची आई मिरचीच्या कामाला गेली ती परत आलीच नाही, हे मला तिनेच सांगितलं होतं.



दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी मात्र आधी नवा माठ आणला होता, ताक भरून दाराशी ठेवला होता. त्या संध्याकाळी काही झालं नाही. टक टक नाही, खोकला नाही. मला वाटलं, सुटलो.

पाहुणे गेले. रविना थांबली. चित्र अजून बाकी आहे म्हणाली.

त्यानंतर रोज संध्याकाळी माठ आडवा. ताक मातीत. आणि सकाळी रविनाच्या गालावर नवे वळ... डोळ्याच्या आणखी जवळ.

एके दिवशी मी दाराआड उभी राहिले. बघायचंच होतं, कोण सांडतं ते.

रविना आली. माठ दोन्ही हातांनी धरला आणि हळूच आडवा केला.

मी तिचा दंड धरला, रागावले, रडलेही. आंधळी होशील गं, म्हटलं. तिने शांतपणे माझा हात सोडवला.

"ताई, ताक नका ठेवू. आईने हात धुतले की ती शिवते ते मला कळतच नाही. भाजतं, तेव्हाच कळतं."

ती आत गेली. कडी लावली.

टक... टक... थांबलं.

आज सकाळी तिने दार उघडलं. डावा डोळा सुजून बंद होता. ती हसत होती.

मी आत्ता पुन्हा ताक भरून ठेवलं आहे. दिवेलागण होत आली... आणि रविना अंगणात येऊन बसली आहे, माठाकडे बघत.