काळूरामचे जोडपाय

दिवा जरा बारीक करा, उगाच तेल जळतंय. आणि ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मधे हसलेलं चालणार नाही. ही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. मुर्धा गावचा जोमा अजून धडधाकट आहे. उद्या सकाळी जाऊन त्याला विचारा. तो काही सांगणार नाही. का सांगणार नाही, तीच तर गोष्ट आहे.

सन अडतीस. माघी पौर्णिमा. जोमा जेवला, दोन भाकऱ्या आणि थोडी सुकट फडक्यात बांधली, कंदील घेतला आणि भाईंदरच्या मिठागरावर निघाला. काम नेहमीचंच. पुनवेला उधाणाची भरती मध्यरात्री भरते. खाडीच्या बांधात एक दरवाजा असतो आणि त्याच्या खाचेत वरून सरकवलेली जाड फळी. फळी वर ओढली की खाडीचं पाणी आत येतं. हवं तेवढं आलं की फळी खाली पाडायची आणि ओहोटी लागेपर्यंत तिथंच बसून राहायचं. पाणी जास्त शिरलं तर आतल्या खणांत धरलेलं मीठ विरघळून जातं.

चांदणं असं होतं की खाडीवरचा रेल्वेचा पूलही दिसत होता. वारा पडलेला. अशा रात्री त्या बांधावर एकटं जायला गावात दुसरा कोणी तयार झाला नसता. जोमा गेला, कारण त्याच्या पोटात भीतीला जागा नव्हती. पोटभर संताप होता.

महिन्यापूर्वी, पौषी पौर्णिमेला, त्याच दरवाज्यावर त्याचा थोरला भाऊ काळूराम जीवानिशी गेला होता.

काळूराम बांध बुजवण्यात पटाईत. बांधाला भोक पडलं की चिखलाचे गोळे टाकून तुडवायचे, हे मिठागरातल्या पोरासोरांनाही येतं. पण काळूरामची एक रीत होती. तुडवून झालं की तो त्या चिखलावर दोन्ही पाय जुळवून क्षणभर उभा राही. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, देवापुढे उभं राहावं तसा. त्याची जोडपावलं चिखलात उमटत, आणि पुढे महिनाभर लोक ती बघून म्हणत, हा काळूरामचा बांध, हा नाही फुटायचा.

दरवाज्याची फळी कुजली होती. काळूराम दिवाळीपासून मुकादमाच्या कानीकपाळी ओरडत होता. मुकादमाचं नाव दामा. तोही गावचाच, चार घरं सोडून राहणारा.

"फली कुजलीय दामू, बोट घातला तं बोट आत जाते."

"यो हंगाम सरू दे, मग बघू."

हंगाम सरायच्या आधी पौषातलं उधाण आलं. फळीतून पाणी मुसंडी मारून आत शिरायला लागलं. मीठ जाईल म्हणून दामानं काळूरामला बाहेरच्या अंगानं, भर भरतीत, खाडीत उतरवलं. बाहेरून चिखल लाव म्हणाला. आता तुम्हीच सांगा, जिथं पाणी भोकाकडे ओढ घेतं तिथं माणूस उतरवतात का? काळूरामचा हात फळीच्या फटीत ओढला गेला आणि अडकला. पाणी चढत राहिलं. सकाळी ओहोटीला जोमानं भावाला सोडवलं तेव्हा त्याच्या दंडात लाकडाच्या धसी रुतलेल्या होत्या. जोमानं त्या स्वतःच्या नखांनी काढल्या.

आणि दामा मुकादमानं दुपारपर्यंत गावभर केलं की काळूरामला गिऱ्ह्यानं ओढला.

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो, रात्री नावानं हाक मारतो आणि पाण्यात खेचतो, असं आपल्याकडे म्हणतात. गावानं ते लगेच मानलं. का मानलं? गाव काय खुळं होतं? मुळीच नाही. अर्ध्या गावाची चूल त्या मिठागरावर पेटत होती. दामाचं नाव घेतलं तर उद्या कामावर कोण घेणार? गिऱ्ह्याचं नाव घ्यायला काही लागत नाही. माणसं भुतावर विश्वास भीतीपोटी ठेवतात म्हणे. भीतीपोटी ठेवतात हे खरं, पण दर वेळी भुताच्या भीतीपोटी नाही.

त्याचे चटके मात्र मंजुळाला बसले. मंजुळा म्हणजे काळूरामची बायको. गिऱ्ह्यानं नेलेल्याची बायको, तिच्या मागोमाग तो दारी येतो, म्हणून बायकांनी तिला विहिरीवर चढू देणं बंद केलं. धाकटं पोर कडेवर घेऊन ती तळ्याचं गढूळ पाणी आणायची. जोमा रोज ते बघत होता आणि दात खात होता.

मग माघातलं उधाण जवळ आलं. दामानं त्याच कुजक्या फळीवर पत्र्याचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, गिऱ्ह्याला कोंबडा द्या, म्हणजे झालं. पुनवेच्या संध्याकाळी गावदेवीपुढे सगळे जमले होते. जोमा उभा राहिला.

"कोंबरा कोनाला? फलीला? माझा दादूस फलीनं मेला. फली या दामूनं ठेवली."

"त्वांड सांभाल जोमा," दामा म्हणाला. "त्या पान्यात काय हाय ते तुना ठाव न्हाय."

"मंग आज मी जातो. रातभर बसतो. सकाळी हितं पायरीवर हात ठेवून सांगतो, गिऱ्हा हाय का न्हाय. न्हाय बोल्लो तं दामूनं चारचौघांत बोलायचं, फली कुजकी व्हती न् मीच काळूला पान्यात उतरवला."

गावातल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. देवीच्या पायरीवर खोटं बोलणारा जगत नाही, हे सगळ्यांनाच माहीत. दामाही कबूल झाला. त्याला वाटलं असेल, हा काही सकाळी परत येत नाही.

असा तो जोमा त्या रात्री बांधावर बसला होता. भाऊ परत मिळणार नव्हता. पण भावाचं मरण खोटं ठरू द्यायचं नव्हतं, आणि वहिनीला विहिरीवर चढवायचं होतं.

भरती चढली. जोमानं फळी उचलली, पाणी आत घेतलं, फळी पाडली. सगळं सुरळीत. भाकरी खाल्ली. खाडीकडे तोंड करून मोठ्यानं दोन शिव्या हासडल्या. कोणी हाक मारली नाही.

मध्यरात्र झाली. पाणी बांधाच्या काठाला टेकलं.

मग पत्रा वाजला.

एकदा. पुन्हा एकदा. मग खिळे उपटल्याचा आवाज, आणि फळीच्या मधोमध पाण्याची धार फुटली. जोमानं आतल्या अंगाला उडी टाकली. आत कमरेएवढं पाणी. त्यानं फळीला खांदा लावला. पलीकडे खाडी दीड पुरुष उभी होती आणि तिचं सगळं ओझं त्या कुजक्या लाकडावर होतं. शहाणा असता तर पळाला असता. पण मीठ गेलं असतं, दरवाजा गेला असता, आणि सकाळी दामा म्हणाला असता, बघा, गिऱ्ह्यानं काय केलं.

जोमानं रेटा दिला. लाकूड फुटलं. त्याचा उजवा हात दंडापर्यंत फटीत गेला...

आणि अडकला.

त्याच जागी.

त्यानं हिसका दिला. निघेना. पाणी छातीला आलं. गळ्याला आलं. बांधावरचा कंदील विझला. हाक मारावी तर ऐकायला कोण...

तेव्हा आवाज आला.

थप.

फळीच्या पलीकडून. बाहेरच्या अंगानं.

थप... थप...

ओला चिखल कोणी तुडवावा तसा. जोमानं श्वास धरला. पलीकडे डोक्यावरून पाणी. पलीकडे कोणी उभा राहूच शकत नव्हता.

थप. थप. थप.

फटीतून येणारी धार बारीक झाली. मग थेंबांवर आली. मग थांबली. जोमाच्या अडकलेल्या हाताला पलीकडून काहीतरी लागलं. गार. पलीकडच्यानं हात ओढला नाही. दाबलाही नाही. फक्त लाकडाच्या धसी जोमाच्या दंडापासून बाजूला केल्या. हळू... एकेक...

हात सुटला.

आवाज बंद. पलीकडे कोणीतरी स्तब्ध उभं होतं. किती वेळ, कोण जाणे.

"दादूस?"

काही नाही.

"दादूस... तू हायस का?"

पाणी उतरायला लागल्याचा बुडबुड आवाज. 

उजाडलं. ओहोटीनं खाडी मागे हटली. जोमा बांधावरून बाहेरच्या अंगाला उतरला. फळीचं भोक चिखलानं गच्च बुजवलेलं होतं, आणि खाली ओल्या चिखलात दोन पावलं होती. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. चवडे फळीकडे. येतानाचं पाऊल नाही, जातानाचं पाऊल नाही.

जोमा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. महिनाभरात पहिल्यांदा. मग त्याला दुरून बोलणं ऐकू आलं. गाव निघालं होतं बघायला, पुढे दामा.

आता विचार करा. त्यानं ती पावलं दाखवली असती तर काय झालं असतं? दामा म्हणाला असता, बघा, मी सांगत नव्हतो, पाण्यात आहे ते. गावानं कोंबडा कापला असता. फळी तशीच राहिली असती, आणि मंजुळाच्या दारावरून माणसं आणखी लांबून गेली असती. जो भाऊ मेल्यावरही राखायला आला, त्याच्या येण्यानंच त्याचा खुनी सुटला असता. जोमाला इतका संताप आला की त्याला डोळ्यांपुढे दिसेना.

तो उठला आणि त्यानं भावाची पावलं स्वतःच्या पायांनी तुडवली. एकही रेघ ठेवली नाही.

देवीच्या पायरीवर त्यानं सोलवटलेला हात ठेवला. "त्या पान्यात गिऱ्हा न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज हलला नाही. आणि शब्द खोटा नव्हता, हे ध्यानात ठेवा. गिऱ्हा खेचतो. तिथं जो होता त्यानं सोडवलं.

सगळे दामाकडे वळले. दामानं घसा खाकरला.

"फली... जरा जुनी व्हती."

"न् दादूसला कोनी उतरवला?"

"तो त्याच्या मनानं उतरला. मी कशाला सांगू?"

गावाला तेवढं पुरलं. गावाला नेहमी तेवढंच पुरतं. आठवडाभरात सागाची नवी फळी आली. मंजुळा विहिरीवर चढली, कोणी काही बोललं नाही. पण पायरीवर ठरलेलं होतं ते दामा अर्धंच बोलला होता, आणि उरलेलं अर्धं जोमाच्या घशात हाडासारखं राहिलं.

फाल्गुनातल्या पौर्णिमेची रात्र सरली. सकाळी दामाची बायको दार उघडून ओटा झाडायला आली आणि झाडू हातातच राहिला. नुकत्याच सारवलेल्या ओट्यावर दोन पावलं होती. ओली नव्हती. वाळून पांढरी पडली होती, मिठाची. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा. चवडे दाराकडे.

तिनं पुसली. चैत्रातल्या पुनवेला पुन्हा आली. गावानं बघितली, आणि ती कोणाची ते कोणी कोणाला सांगायची गरज पडली नाही. फक्त दामा मुकादम, ज्यानं गावाला गिऱ्हा शिकवला, तो येईल त्याला धरून सांगायला लागला की भूतबित सगळं झूट आहे, पोरांचा चावटपणा आहे, माणसानं डोकं ठिकाणावर ठेवावं. एका संध्याकाळी तो जोमाच्या अंगणात येऊन उभा राहिला. महिन्यात निम्मा झाला होता.

"जोमा, तू शप्पत घेतलीस. तूच सांग सगल्यांना. तसला कायपन न्हाय म्हनून."

जोमा जाळीची गाठ मारत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मी गिऱ्हा न्हाय बोल्लो," तो म्हणाला. "ती शप्पत आजून हाय. तुझी अर्धी राहिलीय."

दामा उरलेलं अर्धं काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो घर सोडून वसईला मेव्हण्याकडे गेला, आणि तिथंच मेला. घर बंद आहे. दहा वर्षं झाली, ओटा कोणी सारवत नाही, दाराचं कुलूप गंजलंय. परवा पुनव होऊन गेली. उद्या उजेडी त्या वाटेनं जाल तेव्हा ओट्याकडे बघा. पावलं असतील. पण आता चवडे दाराकडे नाहीत. वसईकडे आहेत.