भुंकणं थांबलेली दुपार

“भुंक!” खारीने फर्मान सोडलं.

“या उन्हात? घसा बसेल माझा!” तिचा वर्गमित्र भोंगा कुरकुरला.

“एरवी नको म्हटलं तरी भुंकतोस, आणि आता सांगतेय तर नखरे करतोस!”

भोंग्याने कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या बंद फाटकाला नाक लावलं, छाती फुगवली आणि असा काही भुंकला की समोरच्या झाडावरचे कावळे फडफडत उडाले. कुत्र्यांचे सगळे आवाज हुबेहूब काढायचे ही त्याची कला. शाळेत त्यापायी तो कितीदा तरी वर्गाबाहेर उभा राहिला होता! पण निवाऱ्यातल्या कुत्र्यांना तो फार आवडे. सकाळी तो एकदा भुंकला की आतून सगळी मिळून त्याला उत्तर देत.

आता मात्र आतून हूं की चूं नाही.

“झोपली असतील,” चष्मिस म्हणाला. चष्मिस म्हणजे खारीचा धाकटा भाऊ.

“सगळीच्या सगळी? राणीसाहेबसुद्धा?”

राणीसाहेब ही फाटक्या कानाची म्हातारी कुत्री. फाटकापाशी पान पडलं तरी ती जाब विचारायची. खारीचा तिच्यावर भारी जीव. सुट्टी लागल्यापासून तिघंही रोज सकाळी निवाऱ्यात येऊन पाणी भरत, भांडी घासत, कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढत. दुपारी मात्र व्यवस्थापककाका त्यांना बाहेर काढून फाटक लावून घेत. हा नियम नवाच होता. आणि तो आल्यापासून दुपारचं भुंकणं साफ थांबलं होतं.

शेजारच्या इमारतीतले लोक खूश होते. तिथले एक आजोबा तर जो भेटेल त्याला थांबवून सांगत, “काय शिस्त लावलीय कुत्र्यांना! दुपारी छान डोळा लागतो हो!” आधी हेच आजोबा रोज तक्रार करायचे. आज तर त्या इमारतीच्या तळमजल्यावर रहिवाशांची सभा भरली होती. निवाऱ्याला खाणं, औषधं आणि पाण्याचा टँकर ही मदत पुढेही द्यायची का, हे तिथे ठरणार होतं.

खारीला मात्र त्या शांततेची भीती वाटत होती. का, ते तिला सांगता येत नव्हतं.

“मी बघते,” असं म्हणून ती सरसर झाडावर चढली. तिचं नाव काही उगाच खार पडलं नव्हतं! फांदीवरून भिंतीवर, भिंतीवरून आत.

समोर पिंजऱ्यांची रांग होती. सगळी दारं उघडी. एकाही पिंजऱ्यात कुत्रं नव्हतं! सकाळी तिनेच भरलेल्या भांड्यांमधलं पाणी तसंच होतं, त्यात एक माशी तरंगत होती.

तिने आतून फाटकाची कडी काढली. दोघं आत आले आणि बघतच राहिले.

“पळवली!” भोंगा पुटपुटला. “नाहीतर विकली!”

“श्श! ऐका!”

खर्र... खर्र... अंगणाच्या टोकाला पत्र्याचं गोदाम होतं. आवाज तिथून येत होता. खारीने धावत जाऊन शटरला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तापलेला तवाच तो! जमिनीवर पालथं पडून तिने शटरखालच्या फटीतून पाहिलं. आतून कोंदट, गरम वाफ तोंडावर आली. अंधारात खूप पाय दिसत होते, सगळे आडवे. फटीपाशी एक पंजा हळूहळू जमीन खरवडत होता.

“इथे आहेत!” तिचा आवाज चिरकला. “सगळी इथेच आहेत!”

चष्मिसने कार्यालयाचं दार धडाधडा वाजवलं. आतल्या पंख्याची हवा खात पडलेले काका डोळे चोळत बाहेर आले.

“आत कसे आलात रे? आणि हळू बोला! पलीकडे सभा चाललीय!”

“काका, शटर उघडा!”

“मुळीच नाही. बाहेर आली की भुंकतील, आणि मदत बंद होईल. मग उद्या यांना खायला काय घालू? रोजच ठेवतो दुपारी. आवाज बाहेर जात नाही, लोकही खूश. वर झरोका आहे की हवेला!”

चष्मिसने चष्मा सावरत वर पाहिलं. “काका, झरोक्यात तर पोती कोंबलीत!”

“त्यातूनच आवाज जायचा ना,” काका म्हणाले. “सभा संपली की लगेच उघडतो. रोज काही होत नाही, ते आजच होणार आहे का?”

“रोज एवढं ऊन नव्हतं!” खार ओरडली. “मरतील ती, काका!”

काकांचा हात किल्लीच्या खिशाकडे गेला. मग त्यांनी इमारतीकडे पाहिलं आणि हात तसाच मागे घेतला.

इतक्यात खरवडण्याचा आवाज थांबला.

काकांशी हुज्जत घालायला आता वेळ नव्हता. तिने भोंग्याचा दंड धरला.

“भुंक! सगळ्यांच्या वाटचं भुंक!”

भोंगा सुरू झाला! आधी जाडा आवाज, मग बारीक, मग पिल्लांचं केकाटणं, मग राणीसाहेबांची डरकाळी. खार आणि चष्मिसही जमेल तसं भुंकू लागले. काका कधी याच्या तर कधी त्याच्या मागे धावत होते. “अरे, गप्प बसा! येतील ना ते सगळे!”

“यायलाच हवेत!” खार म्हणाली आणि पुन्हा भुंकली.

आणि ते आलेच! सभा तशीच सोडून माणसं फाटकातून आत घुसली. पुढे आजोबा, काठी उगारून. “कोण भुंकतंय?”

“मी, आजोबा!” भोंगा धापा टाकत म्हणाला. “त्यांना भुंकता येईना, म्हणून मी भुंकतोय!”

खारीने आजोबांचा हात धरून त्यांना शटरपाशी नेलं. त्यांनी पत्र्याला बोट लावलं. त्यांचा चेहरा क्षणात उतरला.

“उघडा,” ते एवढंच म्हणाले.

काकांनी धावत येऊन कुलूप काढलं. शटर वर गेलं आणि उष्ण झोत अंगावर आला. काही कुत्री लटपटत बाहेर आली. बाकीच्यांना उचलून सावलीत आणावं लागलं. राणीसाहेब शटरला चिकटूनच पडली होती. जीभ जांभळट, डोळे अर्धे मिटलेले.

कुणीतरी बर्फ आणायला धावलं.

“बर्फ नको, एकदम धक्का बसेल! साधं पाणी!” खार ओरडली. “पोटावर, पंजांवर! आणि पंखा आणा!”

चष्मिसने कार्यालयातून जनावरांच्या डॉक्टरताईंना फोन लावला. भोंग्याने नळाला पाइप जोडला. काका स्वतःचा पंखा उचलून बाहेर आले. ते रडत होते. खारीने राणीसाहेबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या हाताने तिचं पोट चोळत राहिली. “ऊठ ना गं! ऊठ ना!” छाती हलतेय की नाही, तेच कळेना.

डॉक्टरताई आल्या, सुई टोचली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“वाचेल,” त्या म्हणाल्या. “सगळीच वाचतील. आणखी थोडा उशीर झाला असता, तर मला येण्याचं कारणच उरलं नसतं. साधं पाणी कुणाला सुचलं?”

सगळ्यांनी खारीकडे बोट दाखवलं. ताईंनी तिच्या पाठीवर थाप दिली, तशी इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं.

आजोबा काठी बाजूला ठेवून तिच्याजवळ खालीच बसले. “पोरांनो, इतके दिवस मी सगळ्यांना सांगत फिरलो, किती छान झोप लागते म्हणून. तुम्ही नसता तर आजही झोपलोच असतो.” मग ते काकांकडे वळले. “मदत चालू राहील. उद्यापासून दुपारी आमच्यातलं कुणीतरी इथे पहाऱ्याला बसेल. पहिली पाळी माझी. आणि ती पोती आत्ताच्या आत्ता काढा!”

काकांनी मान हलवली आणि शिडी आणायला गेले.

खारीने वाटी राणीसाहेबांच्या तोंडाशी धरली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोरडी जीभ हळूच पाण्याला लागली. एकदा. पुन्हा एकदा.

“पितेय!” खार कुजबुजली. आजोबांनी डोळे पुसले आणि वाटी नीट धरायला स्वतःचाही हात खाली लावला.