सतरा तुकडे

तिचं काम तोडफोडीचं होतं आणि त्यात तिचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं. खेळ बाजारात जाण्याआधी तो पुन्हा पुन्हा खेळायचा, नाही नाही ते करून बघायचं आणि चुका शोधायच्या. सगळे तिला तोडफोडबाई म्हणत. तिलाही ते आवडायचं.

सध्याचा व्हिडिओ गेम सिनेमांच्या एका लाडक्या मालिकेवर बेतलेला होता. भाजक्या मातीच्या बाहुल्यांचं कुटुंब : आई, बाबा आणि मुलगी. अख्ख्या घराने कोचावर बसून हसतखिदळत खेळायचा. एखादी बाहुली फुटली की बाकीच्या दोघांनी तुकडे गोळा करायचे, एकाच वेळी हात लावायचा, की ती टुणकन उभी. मुलीचे तुकडे सतरा. पण एखादा तुकडा घरंगळून कुठेतरी जायचा आणि खेळून बघायला आलेली पोरं भोकाड पसरायची. तेव्हा तोडफोडबाईनेच सुचवलं होतं, "एक तुकडा कमी असला तरी उभी राहू दे. कुणाला कळतंय?" ते सगळ्यांना पटलं.

त्या आठवड्यात तिने मुलीला चारशे वेळा फोडलं. हातोड्याने, दरीत ढकलून, दारात चिरडून. एका हाताने फोडायचं, दुसऱ्या हाताने चहाचा घोट घ्यायचा आणि यादीत खूण करायची.

गुरुवारी दुपारी तिने पडद्यावरचा हातोडा उचलला, आणि मुलीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

तिने शेजारच्या ॲनिमेटरला हाक मारली. "हे छान केलंयस. पण यादीत नाहीये."

तो वाकून बघत राहिला. "मी नाही केलं. तिचे हात कोपरात वाकतच नाहीत."

"मग हे काय आहे?"

"परत मार बघू."

तिने परत मारलं. हात परत वर आले. या खेपेला मुलगी हातोड्याकडे बघत नव्हती. बोटांच्या फटीतून ती सरळ तोडफोडबाईकडे बघत होती. ॲनिमेटर उगाचच हसला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. तिने चूक नोंदवली आणि पुढे लिहिलं, 'किरकोळ'.

रविवारी सकाळी तिने खेळ घरी आणला. खऱ्या घरात तो कसा चालतो, हे बघायचं होतं. नवरा कोचावर ऐसपैस बसला. सहा वर्षांची लेक मधोमध. तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी ठरेल तर शपथ. उजव्या गालावर तीळ, आणि त्या तिळावर आईचा भारी जीव.

"आई, हिला मारू नको. हिला लागतं."

"अगं, मातीची आहे ती. बघ, फोडून दाखवते, मग आपण जोडू."

पडद्यावरच्या मुलीने हात वर घेतले. हातोडा पडला. सोळा तुकडे जमिनीवर राहिले. सतरावा घरंगळला आणि पडद्याच्या कडेला दिसेनासा झाला.

"इकडे मागे पडला," म्हणत भिंगरी कोचाच्या पाठीवर चढली आणि तोल सावरायला तिने काचेच्या कपाटाची कड धरली.

कपाट तिच्यासकट खाली आलं.

काच फुटल्याचा आवाज झाला. त्याच्या आत दुसरा एक आवाज होता, तो आईला ओळखीचा वाटला. नवऱ्याने कपाट उचलून भिरकावलं. भिंगरीची मान भलतीकडेच वळली होती. रक्त फरशीवरून आईच्या पायाच्या बोटांपर्यंत आलं. ते गरम होतं.

"हात लाव," ती नवऱ्याला म्हणाली.

"काय?"

"माझ्याबरोबर. एकाच वेळी."

त्याने लावला.

भिंगरी टुणकन उठली.

फरशीवर नुसती काच होती. रक्ताचा टिपूसही नव्हता. नवरा भिंतीला टेकून हुंदके देत होता. तिने लेकीला कवटाळलं, हातपाय चाचपले, बोटं मोजली. सगळं जागच्या जागी होतं. इतका आनंद तिला जन्मात झाला नव्हता.

संध्याकाळी काचा झाडताना कोचाखाली नखाएवढा एक तुकडा सापडला. भाजक्या मातीचा. त्यावर तीळ होता.

भिंगरी सकाळपासून एका जागी बसून होती. तिचा उजवा गाल कोरा होता.

"इकडे बघ, बाळा," म्हणत आईने तुकडा धरलेला हात हलकेच तिच्या गालाकडे नेला.

भिंगरीने दोन्ही हात तोंडावर घेतले.